मधोमध नसलेली कमान

मेस्त्री, आधी माफी मागतो. तुमच्याविषयी लिहिण्याचा अधिकार खरे तर तुमच्या पुतण्याचा, ज्याने तुमच्या शेजारी बसून पंधरा वर्षे होड्या तासल्या. नाहीतर तुमच्याशी संसार केलेल्या काकींचा. मी शेजारच्या कुणब्याचा मुलगा, तुम्हाला नाना म्हणणारा. आमच्या घरात दौत आली ती माझ्याबरोबर. आणि तुम्हाला तर वाचता येत नव्हते. तुम्ही असतानाही मी हे लिहून हातात दिले असते, तर तुम्ही कागद उलटसुलट करून म्हणाला असता, "वाच तूच. तुजं तुलाच कळू दे."

इथे कोल्हापुरात आमच्या वसतिगृहाचे एक हस्तलिखित मासिक निघते. संपादकांनी आपापल्या गावाविषयी काहीतरी लिहा म्हणून सांगितले. मी दोन दिवस समुद्राविषयी लिहिण्याचा प्रयत्न केला. प्रत्येक वाक्यात तुम्हीच येत होता, म्हणून समुद्र सोडून दिला. शिवाय तुम्हाला एक गोष्ट सांगायची राहिली आहे. समोर उभे राहून ती सांगणे माझ्याने झाले नाही.

जे रत्नागिरीचे नाहीत त्यांच्यासाठी थोडे सांगतो. आमच्या वाडीला बाजारात जायचे तर खाडीचा एक फाटा ओलांडावा लागतो. दरवर्षी दिवाळीनंतर वाडीतले पुरुष माडाची खोडे टाकून त्यावर साकव बांधत, आणि दरवर्षी आषाढात तो वाहून जाई. मग चार महिने होडी, आणि पाण्याला ओढ असली की होडीही नाही. शाळाही पलीकडेच; माझी इंग्रजी तिसरी अशीच अर्धी अलीकडे राहिली. काठावर तुमची मांडवी, म्हणजे कामाचा मांडव, होती. तिथे तुम्ही होड्या आणि मचवे बांधत होता. साकवाच्या कामाला मात्र तुम्ही कधी हात लावला नाही. माझे वडील चिडून म्हणायचे, "मेस्त्री, चार घाव घालाय काय जातं तुमचं?" त्यावर तुमचे उत्तर ठरलेले. "दरसाल मरनाऱ्याला दरसाल जल्माला कशाला घालताव?"

मिठाच्या चळवळीच्या साली साकव वाहून गेला तो वेळेच्या आधीच, आणि त्याच्याबरोबर एक म्हातारा जाता जाता वाचला. पुढच्या दोनतीन वर्षांत बाजारातल्या चार शहाण्या माणसांनी पुलाची कमिटी केली. अध्यक्ष एक वकीलसाहेब होते. माणूस चांगला, पण बोलायला लागला की सभा असल्यासारखा बोले. तुमच्या मांडवीत येऊन ते म्हणाले, "मेस्त्री, नुसता पूल नको आहे. आगबोटीतून उतरलेल्या माणसानं आधी तो पाहायला यावं. रत्नागिरी म्हटलं की डोळ्यांपुढं उभा राहावा, असा पूल!"

तुम्ही मचव्याच्या काठावर पाय टाकून बसला होता. म्हणालात, "डोळ्यांपुढं र्‍हावंल वो. आदी पायांखाली तर येवं दे."

वकीलसाहेब मोठ्याने हसले आणि म्हणाले, मग तुम्हीच करा नकाशा. ते थट्टेत म्हणाले असतील. तुम्ही मात्र ते खरे धरले.

त्यानंतर आठ दिवस तुम्ही वाकस, म्हणजे लाकूड तासायची तासणी, खाली ठेवला आणि साकवाच्या तोंडाशी जाऊन बसलात. वाडीत कुजबुज झाली. माझी आई रोज भाजीची पाटी घेऊन बाजारात जाते. तिला काही पोटात ठेवता येत नाही. तिने विचारलेच.

"मेस्त्रीनू, आज आठ दिस बगतंय. धंदा टाकून बायका कसल्या मोजताव?"

"बायका न्हाय वयनी, पावलं मोजतंय. जाताना तू किती टाकतेस नि येताना किती, ठावं हाय?"

"मी पावलं मोजीत बसलं तर भाजी कोन इकल? तुमचो पूल?"

"बरं, येवढं सांग. पाटी डोक्यावर असताना चढ बरा का पायरी बरी?"

आई थांबली. असे तिला आजवर कोणी विचारले नव्हते. म्हणाली, "चढ असूं दे, लांब असला तरी असूं दे. पायरी नको. पायरीला खाली बगावं लागतं, नि खाली बगितलं की पाटी जाते. रिकामं येताना काय, पायरी चढंन, झाडबी चढंन."

तुमचा पूल तिथे जन्माला आला. मी तेव्हा मॅट्रिकच्या वर्गात होतो, शेजारीच उभा होतो, आणि मला ते कळले नाही.

तुम्ही पोफळीच्या विरीतून, म्हणजे पोफळीच्या झावळीच्या रुंद बुडख्यातून, त्याचा वीतभर नमुना कापून केला. खाडीत एकही खांब नाही. दोन काठांना जांभ्याचे बांधकाम, आणि मध्ये आईनाच्या लाकडाची एकच कमान, होडीच्या बरगड्या जोडाव्यात तशी जोडलेली. पण त्या कमानीचा माथा मधोमध नव्हता. आमच्या काठापासून ती हळूहळू चढत जाई, इतकी हळू की चढ वाटू नये. मग बाजाराच्या काठाजवळ माथा, आणि तिथून आखूड उताराने खाली, पायरी एकही नाही; तो उभा चढ रिकामे येणाऱ्यानेच चढायचा. खाडीचे खोल पाणीही त्याच काठाने वाहते, म्हणून आतल्या गावांना जाणारे मालवाहू पडाव बरोबर त्या माथ्याखालून जाणार होते. भार एकाच दिशेने चढतो, पाणी एकाच कडेने जाते, मग पुलाच्या दोन्ही बाजू सारख्या कशाला, एवढेच तुमचे म्हणणे होते. दुरून पाहिले तर नाळ, म्हणजे पुढचे टोक, वर करून बाजाराकडे निघालेली होडी दिसावी, असा तो पूल.

कमिटीला नकाशा कागदावर हवा होता. तुम्ही आमच्या खळ्यात आलात. "रघ्या, चित्राची परीक्षा दिलीस ना? कर तिचं काय तरी चीज."

मेस्त्री, आता ती गोष्ट.

चित्रकलेच्या परीक्षेत आम्हाला एक सुरई काढायला देत. मधोमध रेघ मारायची आणि दोन्ही बाजू अगदी सारख्या काढायच्या. एक बाजू जरा फुगली की मास्तर गुण कापत. तुमचा पूल काढायला बसलो आणि दोन बाजू सारख्या होईनात. मला वकीलसाहेब दिसू लागले. कामावर देखरेख करणारा सरकारी ओव्हरसियर दिसू लागला, बूट घातलेला. "खालच्या वाडीचा वाकडा पूल" असे ते म्हणतील, आणि काढणारा कोण, तर हा, असे माझ्याकडे बोट दाखवतील. मी कंपास घेतला, मधोमध टोचला आणि एक सुंदर गोल कमान काढली.

तुम्ही कागद बघितला. होडी बांधणाऱ्याचा डोळा तो. लगेच विचारलेत, "रघ्या, ह्यो उंचवटा मदी कसा आला?"

मी म्हणालो, "कागदावर असंच दाखवतात नाना. मोठं करताना बरोबर येतं."

तुम्ही त्या रेघेवरून अंगठा फिरवलात. मग म्हणालात, "आसंल. तुमच्या इद्येतलं मला काय कळतं?" आणि सही येत नसल्याने कागदाच्या कोपऱ्यात आपल्या धंद्याची निशाणी काढलीत, एक छोटा वाकस. त्याचा दांडासुद्धा तुम्ही नीट काढलात.

लोकांना पुढे वाटले की माझ्याकडून नकळत चूक झाली. ती चूक नव्हती, मेस्त्री. मला तुमच्या पुलाची लाज वाटली होती. हे मी आज पहिल्यांदा लिहितो आहे.

नकाशा कमिटीला फार आवडला. वरच्या कचेरीनेही तो मान्य केला. माघ महिन्यात ओव्हरसियर आखणीची दोरी धरायला आला. सगळी वाडी जमली होती. त्याने दोन्ही काठांपासून सारखे अंतर मोजून होडीतून काठी उभी केली आणि ओरडला, "कमानीचा माथा इथं!"

"तितं न्हाय सायेब," तुम्ही म्हणालात, "बाजाराच्या अंगाला."

त्याने नकाशा उलगडला. "मेस्त्री, ही निशाणी कोणाची?"

"माजी."

"मग माथा कुठं आहे यात?"

तुम्ही कागदाकडे पाहिलेत आणि मग मान वळवून माझ्याकडे. मी तुमच्यापासून हातभर अंतरावर होतो. मी होडीतल्या काठीकडे बघू लागलो. गर्दीतून कोणीतरी म्हणाले, "निशाणी काढताना माडी उतरली नव्हती वाटतं मेस्त्रीची!" लोक हसले. तुम्ही उभ्या जन्मात माडीला शिवला नव्हता.

"चूक माजी," तुम्ही म्हणालात. "कागुद बगून घ्याय होवा व्हता. पन सायेब, आसला पूल मी बांदनार न्हाय. दुसरा मेस्त्री बगा."

आयुष्यातले सगळ्यात मोठे काम तुम्ही असे तिथल्या तिथे खाली ठेवलेत. परत येताना माझ्याशी एकच वाक्य बोललात. "कंपास चांगला हाय रं तुजा. गोल म्हंजे आगदी गोल येतं." आणि पुढे चालू लागलात. त्या वाक्याचा मी किती वेळा विचार केला असेल! तुम्हाला सगळे कळले होते की नव्हते? विचारायची सोय मी ठेवली नाही, आणि तुम्हीही ती वेळ माझ्यावर आणली नाहीत.

तुमच्या जागी दुसरा कोणी असता तर रुसून बसला असता. तुम्ही पंधरा दिवसांनी कमिटीला निरोप पाठवलात की काठावर या, एक गंमत दाखवतो. मांडवीसमोर वाळूत होड्या उपड्या घालून तुम्ही त्यावर फळ्यांचे दोन चढ केले होते. एक माझ्या कागदातल्या कमानीइतका उभा, दुसरा तुमच्या मनातला, लांबच लांब. वाडीतल्या बायका पाट्या घेऊन तयार होत्या. पण तुम्ही म्हणालात, "त्या न्हाय. त्यांची सवय हाय. सायेबानी चढावं."

ओव्हरसियर तरुण होता आणि मनाने मोकळा होता. त्याने बूट काढले, टोपी काढली, आईने त्याच्या डोक्यावर चुंबळ ठेवली आणि वर नारळांची पाटी दिली. तो माझ्या चढावर निघाला.

"सायबानू, पायाकडं बगू नका!"

"मग कुठं बघू बाई?"

"समोर बगा. तुमची बायको हुबी हाय आसं समजा."

"ती असती तर मी पळालोच असतो!"

अर्ध्यावर त्याने पायाकडे पाहिलेच. पाटी कलली आणि नारळ धडाधड वाळूत. सगळे हसून लोळले. मग तो तुमच्या चढावर गेला. हळूहळू गेला, पण वरपर्यंत गेला आणि वर उभा राहून दम टाकत म्हणाला, "वकीलसाहेब, आता तुम्ही!"

वकीलसाहेब दोन पावले मागे सरले. "मी नुसती बाजू मांडतो. भार घेत नाही."

हसणे ओसरल्यावर त्यांनी खरी शंका काढली. "मेस्त्री, हे पटलं. पण गावाची शोभा म्हणून बांधतोय आपण. लोक वाकडा पूल म्हणतील की हो."

तुम्ही म्हणालात, "म्हनूं देत. सरळ पूल सगळ्या मुलखात हायत, त्यांचा पत्ता कोन इचारतो? वाकडा पूल कुठला म्हनून कुनी इचारलंन, तर रत्नांग्रीच सांगावी लागंल."

वकीलसाहेबांनी खिशातून पेन्सिल काढली आणि ते वाक्य टिपून घेतले.  पण मंजूर नकाशा बदलायचा तर कागद पुन्हा वरच्या कचेरीत जायला हवा होता, आणि तिथे काय होईल ते कोणालाच सांगता येईना. ओव्हरसियर म्हणाला, एकदा नाही म्हणाले तर काम कायमचे बारगळेल. तुम्ही म्हणालात, "बारगळूं दे. चुकीचा पूल साठ वरसं हुबा र्‍हातो. त्यापेक्षा साकव बरा, तो निदान जातो."

दुसरा नकाशा मीच काढायचा, असे तुम्ही ठरवलेत. मी नको म्हणालो.  तुम्ही बांबूची एक पातळ कांब आणलीत, तुमच्या अंगणात ती वाकवून खुंट्यांनी धरलीत आणि तिच्या कडेने चुन्याची रेघ ओढलीत. मी ती रेघ मापून लहान करून कागदावर उतरवली. कंपास घरीच ठेवला होता. काकी मधूनमधून येऊन ताकाचे भांडे ठेवून जात आणि म्हणत, "लेकराला जेवाय तरी सोडा." दोन दिवस तुम्ही माझ्या शेजारून हलला नाहीत. आता वाटते, तेव्हाच सांगायला हवे होते. पण तुम्ही इतके आनंदात होता की माझी कबुली त्यात नेऊन टाकणे मला जमले नाही. धीर नव्हता ते नव्हताच, हेही खरे.

त्याच दोन दिवसांत आपला तो वाद सुरू झाला. मी म्हणालो, नाना, एवढ्या लांब कमानीला मध्ये एक खांब दिला तर धोका राहणार नाही. तुम्ही म्हणालात, पुरात वरून ओंडके येतात, ते खांबाला अडतात, ओंडक्यांना पाला अडतो आणि मग पूल बंधाऱ्यासारखा पाणी धरतो. पुलानं पानी धराय नसतं, पानी सोडाय असतं. मी पुस्तकातले सांगितले. तुम्ही पाण्यातले सांगितले. शेवटी, उन्हाळ्यात कोल्हापूरला निघताना मी म्हणालो, कॉलेजात प्रोफेसरांना विचारून कळवतो. तुम्ही म्हणालात, "इचार. त्यानी पूर बगितलाय का ते आदी इचार."

मी विचारले, मेस्त्री. त्यांनी तुमचा नमुना माझ्याकडून फळ्यावर काढून घेतला आणि बराच वेळ बघत राहिले. म्हणाले, हिशेब करून पाहावा लागेल, पण ज्याने ते पाणी पाहिले आहे त्याच्याशी मी भांडणार नाही. हे मी तुम्हाला गणपतीच्या सुट्टीत सांगणार होतो. तुम्ही कसे हसला असता ते मी ठरवूनसुद्धा ठेवले होते.

आणि कॉलेज! मी इथे आहे तोही तुमच्यामुळेच, हे मला फार उशिरा कळले. मॅट्रिक झाल्यावर वडिलांचा विचार होता की मी मुंबईला मामाकडे जावे आणि कुठेतरी कारकुनी धरावी. वाडीतली सगळी मुले तशीच जातात. एकाएकी वडील कोल्हापूरचे नाव काढू लागले. मोटारीत बसताना मी त्यांना विचारले, तेव्हा म्हणाले, "मेस्त्री येवन बसला हुता." तुम्ही त्यांना म्हणाला होता, "हितं पोर चुकला तर पूल चुकतो. थितं चुकला तर मास्तर तांबडी शाई मारतो. जावं दे त्याला थितं. चुकून चुकून शिकंल."

मोटार सुरू झाली होती. मला उतरून पळत यावेसे वाटले, पण टपावर ट्रंक बांधली होती.

इथे मी खूप चुकतो, मेस्त्री. इंग्रजी बोलताना चुकतो, गणितात चुकतो. खाणावळीत ताट कसे सरकवायचे त्यातही चुकलो. इतर मुलांच्या घरी वडील, आजोबा शिकलेले आहेत. त्यांना चुकण्याची भीती वाटत नाही, निदान तसे दिसते. मला वाटायची. हल्ली थोडी कमी वाटते. तांबडी शाई दिसली की तुम्ही वडिलांसमोर बसलेले डोळ्यांपुढे येता आणि मी ते उदाहरण पुन्हा करायला घेतो. इतके मोठे देणे तुम्ही मला कधी बोलून न दाखवता दिलेत. मी तुमच्यापासून जे लपवले त्याच्या मानाने ते फारच मोठे आहे. तुम्ही रागावला असता तर मी कदाचित सुटलो असतो. तुम्ही रागावला नाहीत म्हणून मी शिकलो.

जूनपासून मी नकाशाच्या निकालाची वाट पाहत होतो. वडिलांना लिहिता येत नाही. ते शाळेच्या मास्तरांकडून लिहवून घेतात, म्हणून पत्रे कमी. मधे आंबा घाटात दरड आली आणि टपाल आठदहा दिवस अडकले. ज्या दुपारी ते सुटले त्या दुपारी मला एकच कार्ड आले. ते जसे आहे तसे खाली उतरवतो. याच्यापुढे मला लिहिता येणार नाही.

"चि. रघुनाथ यास आशीर्वाद. तुझ्या प्रकृतीस जपावे. मेस्त्री पंधरा दिवस तापाने अंथरुणावर होते. तुला कळवू नये असे त्यांनीच सांगितले होते. नकाशा वरून मंजूर होऊन आला, दुसऱ्या खेपेस काढलास तसाच, एक रेघ बदललेली नाही. ओव्हरसियरसाहेब पावसातून होडीने येऊन मेस्त्रींस वाचून दाखवून गेले. बाजाराच्या अंगाला, हे त्यांनी दोनदा वाचावयास लावले. तुझी आई पेज घेऊन गेली होती, तिला म्हणाले, वयनी, आता पाटी मोठी विनून घे. दुसरे दिवशी सकाळी मेस्त्री गेले. काम दिवाळीनंतर त्यांचा पुतण्या धरील. तू अभ्यास टाकून येऊ नये."